पंचम चव्वेचाळीस

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता मास्तरांच्या तोंडात सहा टाचण्या होत्या, गळ्यात टेप होता आणि समोर एक गिऱ्हाईक अर्धवट शिवलेल्या पँटमध्ये श्वास रोखून उभं होतं. अशा अवस्थेत त्यांनी फोनवरून दोन निरोप पाठवले. दोन्हींतला मजकूर अगदी बिनचूक होता. फक्त पहिल्याचा दुसऱ्याला गेला आणि दुसऱ्याचा पहिल्याला.

मास्तर म्हणजे शिंपी. तीस वर्षं कोट शिवत होते, आणि त्याहून जास्त वर्षं गाणं ऐकत होते. स्वतः गात नसत, पण त्यांचा कान असा तयार की शेजारच्या गल्लीत कोणी शीळ घातली तरी ते कात्री थांबवून म्हणत, "चुकला. तिथं रिषभ नाही लागत." या वेडाची झळ धंद्यालाही पोचली होती. कोटाची मापं लिहिताना सगळे शिंपी आपापल्या खुणा वापरतात. मास्तरांनी सरळ सरगमच घेतली होती. सा म्हणजे छाती, कारण सगळा कोट तिच्यावर उभा. रे म्हणजे खांदा. ग म्हणजे गळा, म म्हणजे मनगटापर्यंतची बाही, प म्हणजे पोट आणि ध म्हणजे धडाची लांबी. उरला नि. नि म्हणजे नितंब. पण हा शब्द दुकानात कोणी उच्चारत नसे. काज-बटणं करणारी मास्तरांची बायको सुद्धा "निषाद जरा सैल ठेवा हो," एवढंच म्हणे.

ही भाषा तिघांनाच कळायची. मास्तर, त्यांची बायको आणि कटर. कटर दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरी कापड बेतायचा. त्याला सगळे तंतोतंत म्हणत, कारण कागदावर असेल ते तो तंतोतंत कापायचा. एकदा मास्तरांनी चुकून 'गळा पन्नास' लिहिलं होतं, तर तंतोतंतनं पन्नास इंची गळा कापून वर विचारलं होतं, "बैलासाठी आहे का?" आधी विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

आता दुसरी बाजू. गाण्याच्या शौकिनांचा एक ग्रुप होता, साठेक माणसांचा. तिथं दर शुक्रवारी मास्तर कोडं घालत. एखादी बंदिश घ्यायची, तिच्यात कोणता सूर किती वेळा येतो ते मोजायचं आणि नुसते आकडे टाकायचे. त्यावरून राग ओळखायचा. उत्तर रविवारच्या बैठकीत. या आठवड्याचं कोडं मास्तरांना स्वतःलाच फार आवडलं होतं. भूप आणि देशकार, दोन्हींचे सूर तेच पाच. फरक एवढाच की भूपात राज्य गंधाराचं आणि देशकारात धैवताचं. मास्तरांनी लिहिलं होतं, 'सा ४०, रे १८, ग १६, प ३८, ध ४३. म आणि नि वर्ज्य. नीट विचार करा.'

हे गेलं तंतोतंतकडे.

आणि ग्रुपवर गेलं, 'सा ३६, रे १७, ग १५, म २३, प ४४, ध २९, नि ३९. आज संध्याकाळपर्यंत झालंच पाहिजे.'

ही मापं होती निवृत्त जज्जसाहेबांची.

कोडं टाकल्यावर संध्याकाळपर्यंत ग्रुप उघडायचा नाही, असा मास्तरांचा नेम होता. उगाच आपल्या तोंडून काही निसटायला नको. त्यामुळे त्यांनी साडेपाचला चहा घेताना फोन पाहिला, तेव्हा तिथं एकशे चौदा निरोप साचले होते. मास्तर खूश झाले. देशकारानं चांगलंच झुंजवलेलं दिसतंय, असं म्हणत त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली.

पहिलाच निरोप कोणा बँकवाल्याचा होता. "आज मास्तर कडक मूडमध्ये! संध्याकाळची मुदत!"

मग जज्जसाहेब आले होते. साहेब ग्रुपमधले सर्वांत मोठे जाणकार. निदान स्वतः साहेबांचं तरी तसं मत होतं. ते निकालपत्र वाचावं तसं लिहीत. "सातही स्वर उपस्थित. पंचम चव्वेचाळीस, म्हणजे वादी पंचम, राज्य त्याचंच, यात शंका नाही. त्याला षड्जाची साथ. राग काफी."

त्याखाली डॉक्टरबाई. या दातांच्या डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून स्वतःच बोलायची सवय झालेल्या. साहेबांना ग्रुपवर कोणी अडवत असेल तर त्याच. "साहेब, घाई होतेय. निषाद बघा ना! एकोणचाळीस! एवढा भरभक्कम निषाद काफीत कशाला येईल? हा पटदीप आहे."

मास्तरांचा चहाचा कप हवेतच राहिला. म्हणजे, त्यांच्या कोड्यात तर निषाद नव्हताच!

त्यांनी वर जाऊन आपला निरोप वाचला. मग कप खाली ठेवला. ठेवला तो इस्त्रीवर.

"अगं," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

बायकोनं सुईतून मान वर केली. "काय झालं? रंग का उडालाय?"

"साहेबांचं पोट ग्रुपवर गेलं."

बायकोनं फोन हातात घेतला आणि चष्मा वर सरकवून पुढचं वाचू लागली. तिला रागातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मापं पाठ होती. वाचता वाचता तिनं पदर तोंडाशी धरला.

साहेबांनी लिहिलं होतं, "निषाद मोठा आहे हे मान्य. पण तो मागे राहून काम करतो. पुढे येऊन सगळं व्यापतो तो पंचम."

डॉक्टरबाई म्हणत होत्या, "मागे राहून? अहो, मला तर तोच आधी दिसतो!"

मग साहेबांचा शेवटचा मोठा निरोप. "एक मात्र नमूद करतो. रचना ज्यानं केली, त्याला प्रमाणाचं भान नव्हतं. षड्ज इतका किरकोळ आणि पंचम इतका फुगलेला! हा तोल मी आयुष्यात कुठं पाहिला नाही. पंचम वेळीच आवरता आला असता."

"आता काय करायचं?" मास्तर खुर्चीवर बसले. "चुकून झालं म्हणून लिहू?"

"लिहा की."

"आणि कोणी विचारलं, हे आकडे कशाचे, तर?"

बायकोनं फोन उलटा करून ठेवला. साठ माणसांसमोर साहेबांचा निषाद एकोणचाळीस आहे हे सांगणं सोपं नव्हतं. साहेबांना आपली मापं ऐकायला सुद्धा आवडत नसत. माप घेताना ते छताकडे बघत, आणि मास्तरही आकडे मनात म्हणून वहीत उतरवून घेत.

"बरं, ते राहू द्या," बायको एकदम म्हणाली. "हे तिकडं गेलं, मग तिकडचं कुठं गेलं?"

मास्तर उठले आणि चपला घालायच्या आधीच रस्त्यावर पोचले.

तंतोतंतच्या घरी दार उघडंच होतं. मोठ्या टेबलावर साहेबांचं कापड पसरलेलं होतं. राखाडी, लोकरी, हात लावला तर मांजराच्या पाठीसारखं. साहेबांच्या मुलीनं ते दूर देशातून पाठवलं होतं, आणि साहेबांनी तीन वर्षं डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवलं होतं. रविवारच्या बैठकीचं अध्यक्षपद मिळाल्यावर ते पहिल्यांदा कपाटाबाहेर आलं. तसं दुसरं मिळणं शक्य नव्हतं.

"झालं मास्तर!" तंतोतंत समाधानानं म्हणाला. "संध्याकाळच्या आत. नुसतं कापलं नाही, कच्चं टाचूनही ठेवलं."

त्यानं कोट उचलून दाखवला. कोट गुडघ्यांपर्यंत येत होता. त्याला बाह्या नव्हत्या.

मास्तरांनी कोट आतून-बाहेरून उलटून पाहिला. "बाह्या कुठं आहेत?"

"वर्ज्य," तंतोतंत म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय. 'म आणि नि वर्ज्य.' बाही नको आणि निषादाचं माप धरू नको. मग मागचा भाग मी सरळ खाली सोडला."

"आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की! तुम्ही लिहिलं होतं, 'नीट विचार करा.' मी अर्धा तास विचार केला. जज्ज माणूस, कोर्टात घालतात तसलं काहीतरी लांब हवं असेल. बाह्यांचं कोडं काही सुटेना. पण म्हटलं, मास्तरांनी लिहिलंय."

मास्तरांनी कोटाच्या पोटावर टेप लावला. अडतीस. साहेबांचं चव्वेचाळीस. मधले सहा इंच आता जगात कुठंच नव्हते.

ते घरी आले ते कोट काखेत मारून. तेवढ्यात ग्रुपवर प्रकरण आणखी पुढं गेलं होतं. साहेबांनी आणि डॉक्टरबाईंनी पैज लावली होती. रविवारी जो हरेल, त्यानं भर बैठकीत उभं राहून 'माझा कान कच्चा आहे' असं म्हणायचं. पंचवीस जणांनी अंगठे दाखवून संमती दिली होती. त्यातला एक अंगठा मास्तरांचाही होता. फोन खिशात टाकताना तो आपोआप उमटला होता.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा मास्तरांनी ठरवून टाकलं होतं की साहेबांच्या पाया पडायचं आणि उरलेलं आयुष्य पँटींना पट्ट्या मारत काढायचं. बायकोनं मात्र तो चमत्कारिक कोट टेबलावर उताणा पाडला होता आणि ती त्याच्याभोवती फिरत होती. तंतोतंत उरलेल्या कापडाची घडी घेऊन कोपऱ्यात अपराध्यासारखा उभा होता.

"बाह्या कापल्याच नाहीत ना?" बायकोनं विचारलं.

"नाही वहिनी."

"म्हणजे बाह्यांचं कापड शिल्लक आहे. ते दाखवा." तिनं घडी उलगडून वितीनं मोजली. "निघतात दोन्ही. म सुटला. आता अहो, साहेबांचा ध किती?"

"एकोणतीस," मास्तर म्हणाले.

"आणि हा?"

"त्रेचाळीस."

"मग खालचे चौदा इंच कापा आणि त्याच्या कळ्या करून दोन्ही बाजूंना बसवा. ध चं उचला आणि प ला द्या."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं या बाईला भूप आणि देशकारातला फरक समजावून सांगायचा त्यांनी प्रयत्न केला होता. एका सुराचं वजन दुसऱ्यावर टाकलं की सगळं रूपच पालटतं, हे ते शंभरदा बोलले असतील. आणि ती दर वेळी म्हणायची, "मला दोन्ही सारखेच लागतात."

"बघताय काय? कात्री द्या!"

दिवसभर तिघंही टेबलावरून हलले नाहीत. छाती चार इंचांनी आत घेतली. बगलेखाली चार बोटं सोडून दोन्हीकडे उभ्या कळ्या बसवल्या. वर निमुळत्या, खाली तीन इंच रुंद. कळीची शिवण लपणार नव्हती, तेव्हा बायकोनं तिच्यावर गडद राखाडी धाग्याची बारीक टीप मारली, म्हणजे ती मुद्दाम केल्यासारखी दिसावी. तंतोतंतनं बाह्या कापल्या, पण कापण्यापूर्वी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "तेवीसच ना? नक्की?" पाच वाजता इस्त्रीची वाफ विरली तेव्हा हँगरवर जे लटकत होतं ते पाहून तिघंही जरा मागे सरकले. कोट सुंदर झाला होता.

रविवारी सकाळी नऊला साहेब दुकानात आले. मास्तरांनी त्यांना कोट चढवला, समोरून बटण लावलं आणि डोळे मिटले.

"मास्तर," साहेब म्हणाले.

"चुकलं साहेब."

"चुकलं काय? मला श्वास घेता येतोय!" साहेब आरशासमोर डावीकडे वळले, मग उजवीकडे वळले. "वीस वर्षांत बटण लावून खाली बसता आलेलं नाही मला. बघा." ते स्टुलावर बसले. उठले. पुन्हा बसले. "आणि या बाजूच्या रेघा! काय डौल आलाय! हे कुठं शिकलात?"

"देशकारावरून सुचलं," मास्तरांच्या तोंडून गेलं.

साहेबांनी ते विनोद म्हणून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बरं, मास्तर, तुमच्या-माझ्यात. आज काफीच ना? तोंडानं सांगू नका. नुसती मान हलवा. त्या डॉक्टरबाईंसमोर माझा कान कच्चा म्हणायचं, म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. क्षणभर ते जज्ज दिसले नाहीत. घरी एकटं राहणारं, शुक्रवारच्या कोड्याची सोमवारपासून वाट बघणारं माणूस दिसलं.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "सांगून टाका हो."

मास्तरांनी सांगितलं. पहिल्यापासून सगळं. सा म्हणजे छाती इथपासून, आवाज लहान लहान होत, नि पर्यंत. साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि स्वतःचेच निरोप वाचायला घेतले. वाचता वाचता थांबले.

"'पंचम वेळीच आवरता आला असता,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं.

बायकोनं पदर पुन्हा तोंडाशी धरला.

"'हा तोल मी आयुष्यात कुठं पाहिला नाही.'" साहेबांनी आरशात पाहिलं. "निषाद एकोणचाळीस? नक्की?"

"दोनदा मोजला साहेब."

साहेबांनी फोन खिशात टाकला, कोट सारखा केला आणि ते निघून गेले.

बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत होती. मास्तर मागच्या दाराशी, पळायला सोपं जाईल अशा खुर्चीवर बसले. डॉक्टरबाई पहिल्या रांगेत. साहेब अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठले तेव्हा खोलीत चुळबुळ थांबली.

"मास्तरांनी उत्तर मला सकाळीच सांगितलं," साहेब म्हणाले. "शुक्रवारची रचना अप्रसिद्ध आहे. पुन्हा ती कुठं ऐकायला मिळणार नाही, आणि मिळू नये अशी माझी इच्छा आहे. पण तिचा मला जवळून परिचय आहे. इतक्या वर्षांच्या परिचयाची वस्तू मला ओळखता आली नाही, ही गोष्ट खरी. डॉक्टरबाईंचं लक्ष पहिल्यापासून निषादावर होतं. ते योग्यच होतं. उत्तर पटदीप." त्यांनी घसा साफ केला. "माझा कान कच्चा आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरबाई उभ्या राहून सगळीकडे वळून वळून हसल्या. साहेब खुर्चीत बसले, बटण न काढता, आणि मास्तरांकडे बघून त्यांनी एक डोळा बारीक केला. मास्तर घरी गेले आणि दोन वाजेपर्यंत गाढ झोपले.

इथं सगळं संपायला हरकत नव्हती. पण साहेबांचा कोट लोकांच्या डोळ्यांत भरला होता, आणि गुरुवारी दुपारी डॉक्टरबाई दुकानात हजर झाल्या.

"मला पण तसाच शिवा. बाजूला रेघांवाला."

बायको टेप घेऊन माप घेऊ लागली. ती आकडे हळूच कानात सांगे आणि मास्तर वहीत उतरवत. डॉक्टरबाईंना रोज माणसांच्या तोंडात उलटं बघायची सवय. समोरची वही उलटी वाचणं त्यांना मुळीच जड नव्हतं.

"सा, रे, ग..." त्या म्हणाल्या. "मास्तर, हे काय, माझ्यावर कोडं करताय?"

मास्तरांनी वही मिटली. उशीर झाला होता.

"प म्हणजे काय हो?"

"पोट," मास्तर पुटपुटले.

डॉक्टरबाई काही क्षण हिशेब करत उभ्या राहिल्या. शुक्रवार. चव्वेचाळीस. नवा कोट. 'जवळून परिचय आहे.' त्यांनी सावकाश विचारलं, "आणि नि?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. बायको म्हणाली, "बाई, तुम्ही डॉक्टर आहात. समजून घ्या."

डॉक्टरबाई मटकन स्टुलावर बसल्या. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. बायकोनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मात्र त्यांचं हसू ओसरलं.

"सगळं माहीत होतं त्यांना? आणि तरी उभे राहून म्हणाले, माझा कान कच्चा?"

"हो," मास्तर म्हणाले.

"आणि मी तिथं टाळ्या घेत होते." त्यांनी पर्समधून फोन काढला आणि भराभरा काहीतरी लिहिलं. मास्तरांच्या खिशात फोन थरथरला.

ग्रुपवर आलं होतं, "शुक्रवारच्या कोड्यावर पुन्हा विचार केला. काफीच बरोबर. पंचमाकडे मी दुर्लक्ष केलं. कान माझा कच्चा."

मिनिटभरात साहेबांचं उत्तर आलं. "मुळीच नाही. पटदीपच. निषादाची मी स्वतः खात्री करून घेतली आहे."

"काय हट्टी माणूस आहे!" डॉक्टरबाई उसळल्या. "काफी म्हणजे काफी!" आणि दोन्ही अंगठ्यांनी लिहू लागल्या. पलीकडून साहेबही लिहू लागले होते. बँकवाल्यानं मध्ये येऊन विचारलं की दोघांनी बाजू कधी बदलल्या, तर दोघांनीही त्याला गप्प बसवलं.

मास्तर वही उघडून उभे होते. बायकोनं टेप झटकला.

"बाई, भांडा तुम्ही सावकाश. पण एक हात इकडं द्या, बाही राहिलीय."